आजोबांच्या डब्यातला निळसर खडा: स्पिनेल की टाफाइट?

गुजरीचा_नातू · रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत होतो, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचे आजोबा गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, खडे बसवायचं काम करायचे. स्वतःची पेढी वगैरे काही नाही. एका सराफाच्या मागच्या खोलीत खिडकीशी बसून नथी, कुड्या, साजातल्या माणिक-पाचूच्या पानड्या भरायचे. मी दुसरीत असताना गेले. परवा माळा साफ करताना त्यांचा पत्र्याचा डबा सापडला. आत एक चिमटा, दांडी तुटलेलं भिंग, लाखेचा तुकडा आणि कागदाच्या बारा पुड्या. बहुतेक पुड्यांत बारीक माणकं, काचेचे मणी, मोत्यांचा भुगा. एका पुडीत मात्र एकच मोठा खडा.

गोल, साधारण ११ मिलिमीटर, ५.४६ कॅरट. दिवसा आकाशी दिसतो, देवघरातल्या पिवळ्या बल्बखाली जांभळट. आत काही म्हणजे काही नाही, नितळ. गुजरीत एकाला दाखवला. त्यांनी भिंगसुद्धा न लावता सांगितलं, “काच आहे, पोरीच्या खेळण्यात घाला.” राग आला, पण गप्प बसलो.

मग घरी उद्योग सुरू केले. बाटलीच्या टोपणात पाणी घेऊन ते कॅरटच्या छोट्या काट्यावर ठेवलं, शून्य केलं आणि खडा बायकोच्या लांब केसाला बांधून पाण्यात लोंबकळता धरला. तळाला टेकू दिला नाही. काटा १.५१ दाखवतो, म्हणजे खड्याने हटवलेल्या पाण्याचं वजन. ५.४६ भागिले १.५१ म्हणजे घनता ३.६२. साधी काच इतकी जड नसते म्हणे. ३.६ म्हणजे स्पिनेल, तेही एक रत्नच. पण स्पिनेलमध्ये प्रकाशाचा किरण दुभंगत नाही, आणि जुन्या मोबाइलच्या स्क्रीनमधून काढलेले पोलरॉइडचे, म्हणजे उजेड गाळणाऱ्या पडद्याचे, दोन तुकडे आडवे-उभे धरून मध्ये हा ठेवला तर अंधारात चमकतोय! घनता स्पिनेलची आणि वागणं दुहेरी अपवर्तनाचं. आता नेटवर ‘टाफाइट’ शोधा, स्पिनेलसारखंच दिसणारं दुर्मिळ रत्न. मी दोन रात्री झोपलेलो नाही.

तीन फोटो जोडलेत. तिसरा पुडीच्या कागदावर ठेवून काढलाय, रंग त्यातच बरा आलाय.

मंगळवारपेठी · रात्री ९.५२

नाद खुळा! टाफाइट निघाला तर पहिला तांबडा-पांढरा तुझ्याकडनं. कुठं ते सांगू नको, आम्ही ठरवतो.

सुगंधा_इचलकरंजी · रात्री १०.०५

छान आहे हो खडा. हा कोणत्या राशीला चालतो? मुलाचं लग्न जमत नाहीये.

चावडी_व्यवस्थापक · रात्री १०.११

राशी, साडेसाती, अंगठी कोणत्या बोटात वगैरेसाठी वेगळा धागा आहे, ताई. तिथे विचारा.

सुगंधा_इचलकरंजी · रात्री १०.१४

बरं. पण नवरत्नांत तर नाही ना हा?

दगडफोड्या · रात्री ११.२०

ताई, नवरत्नांत असणारच कसा? १९४५ पर्यंत हा खडा जगात आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. तोवर तो स्पिनेल म्हणूनच विकला जात असणार.

गोष्ट सांगतो, सांगण्यासारखी आहे. रिचर्ड टाफ नावाचा आयरिश रत्नपारखी, नावामागे ‘काउंट’, ऑस्ट्रियाच्या एका पंतप्रधानाचा नातू. वाडवडिलांचं वैभव ओसरलेलं, हा डब्लिनमध्ये राहून खड्यांचे छोटे-मोठे व्यवहार करायचा. १९४५ च्या शरदात एका घड्याळजी-जवाहिऱ्याकडे गेला आणि मोडीत काढलेल्या दागिन्यांतून उपसलेल्या खड्यांच्या पेट्या उलगडून बसला. खरे, खोटे, काच, सगळं एकत्र. त्यातले खरे वाटले ते वेगळे काढून त्याने १४ पौंडांत उचलले. घरी आणून धुतले, रंगाप्रमाणे लावले, एकेक सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. त्यात एक फिकट जांभळा खडा होता, १.४१९ कॅरटचा. सगळी लक्षणं स्पिनेलची. फक्त वरून आत पाहिलं की मागच्या पैलूंच्या कडा एकाच्या दोन दिसत होत्या.

आता इथे दहांतले नऊ जण डोळे चोळतील आणि ‘स्पिनेल’ लिहून पुडी बंद करतील. टाफने १ नोव्हेंबर १९४५ ला तो लंडनच्या रत्नतपासणी प्रयोगशाळेत अँडरसनकडे पाठवला, वर विचारलं की हे काय कोडं आहे. अँडरसन आणि त्याचा सहकारी पेन यांनाही उत्तर सापडेना. शेवटी ब्रिटिश म्युझियममध्ये क्लॅरिंगबुल आणि हे (‘हे’ हे आडनाव आहे, सर्वनाम नव्हे) यांनी त्यातला कणभर भाग घेऊन क्ष-किरण आणि रासायनिक तपासणी केली. बेरिलियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन. बेरिलियम आणि मॅग्नेशियम दोन्ही मूळ घटक म्हणून असलेलं खनिज तोवर माहीत नव्हतं. १९५१ मध्ये रीतसर प्रसिद्ध झालं, नाव टाफाइट. तोपर्यंत पेनला दुसरा नग मिळालेला होता, १९४९ मध्ये, ०.८६ कॅरटचा.

यातली गंमत बघा. खनिज आधी डोंगरात, खाणीत सापडतं, मग त्याला पैलू पडतात. याचा पहिला तुकडा पैलू पाडूनच जगासमोर आला. खाण कुठली ते मागाहून शोधावं लागलं. श्रीलंकेच्या रत्नपुराकडच्या गाळात मिळतो, ब्रह्मदेशात मोगोकला, टांझानियात टुंडुरूला. सगळीकडे चिमूटभर.

आता धागाकर्त्यासाठी. घनता बरोबर, कुतूहल बरोबर, पद्धतही बरी. पण तीन प्रश्न. वजन किती वेळा केलं? पोलरॉइडमध्ये खडा फिरवल्यावर नेमकं काय दिसतं? आणि भिंगातून मागच्या कडा दुहेरी दिसतात का?

गुजरीचा_नातू · रात्री ११.४१

सर, वजन एकदाच केलं. फिरवल्यावर उजळ-काळं होतं. कडा मला तरी दुहेरी वाटतात.

पन्हाळ्याचा_वारा · सोमवार, सकाळी ७.३०

मला हे दुहेरी प्रकरण कुणी सोप्या मराठीत सांगेल का? शाळेत वक्रीभवन होतं तोवर समजत होतं, अपवर्तन झाल्यापासून सुटलं.

दगडफोड्या · सकाळी ८.१५

वारा, नाव बदललं तरी काठी पाण्यात वाकडीच दिसते.

काचेत किंवा स्पिनेलमध्ये किरण शिरला की एका ठरावीक प्रमाणात वाकतो. ते प्रमाण म्हणजे अपवर्तनांक. स्पिनेलचा साधारण १.७१८. स्पिनेलमधली अणूंची मांडणी तिन्ही बाजूंनी सारखी, त्यामुळे किरण कुठूनही जाऊ दे, वाकणं तेवढंच. टाफाइटची मांडणी षटकोनी. त्यात एका दिशेने वेगळं आणि तिच्या काटकोनात वेगळं, म्हणून किरणाचे दोन होतात आणि दोघे वेगवेगळे वाकतात. टाफाइटचे दोन आकडे १.७१७ ते १.७२४ च्या पट्ट्यात येतात आणि दोघांतलं अंतर फक्त ०.००४-०.००५. घनता दोघांचीही ३.६० च्या आसपास. कठीणपणा स्पिनेलचा ८, याचा ८ ते ८.५. म्हणजे काटा फसतो, ओरखडा फसतो, रंग तर फसतोच. उरलं काय, तर हे इवलंसं अंतर.

ते किती इवलंसं? एखादा पेरिडॉट घ्या. त्यात हे अंतर ०.०३६. भिंग लावा, वरच्या सपाट पैलूतून आत पाहा, मागच्या कडा रेल्वेच्या रुळांसारख्या दोन-दोन दिसतील. टाफाइटमध्ये त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकं. टाफला ते दिसलं याचं कौतुक म्हणूनच आहे. धागाकर्त्याने आधी पेरिडॉटवर डोळा बसवावा, मग आपला खडा पाहावा. ‘वाटतं’ आणि ‘दिसतं’ यांत फरक आहे.

अर्धा_रत्ती · सकाळी १०.०२

दगडफोड्या सरांचं सगळं मान्य. मी धंद्यातला माणूस, चांदीचं काम, हुपरीला येणं-जाणं. मला फोटो बघूनच एक गोष्ट खटकली. पाच कॅरटच्या वर, आत एकही दोरा नाही, ठिपका नाही, ढग नाही, रंग सगळीकडे सारखा. निसर्ग इतका टापटीप नसतो हो. मोठा आणि इतका नितळ खडा समोर आला की आम्ही आधी कारखान्याचा विचार करतो.

कृत्रिम स्पिनेल.

काच नाही, तेवढं गुजरीतल्या साहेबांचं चुकलंच. पण भट्टीतला स्पिनेल.

गुजरीचा_नातू · सकाळी १०.२०

माफ करा, पण आजोबांनी खोटा खडा ठेवला नसता. सगळा बाजार त्यांना ओळखत होता. आणि कृत्रिम असला तरी स्पिनेलच ना? मग पोलरॉइडमध्ये चमकतो कसा? सर म्हणाले ना, स्पिनेल चमकत नाही.

मंगळवारपेठी · सकाळी १०.२३

रत्ती भाऊ, सकाळ सकाळ आमचा तांबडा-पांढरा घालवू नका.

दगडफोड्या · दुपारी १.४५

नातू, प्रश्न बरोबर जागी विचारलात. गाडी नेमकी इथेच अडते, आणि इथे चांगले चांगले घसरलेत.

भट्टीतला स्पिनेल कसा होतो ते पाहू. १९०२ मध्ये व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम माणकाची रीत जाहीर केली. कच्च्या मालाची पिठासारखी बारीक पूड वरून भुरभुरत ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्वाळेतून खाली पडते, वितळते आणि खालच्या दांडीवर साठत जाते. मेणबत्तीचा ओघळ थेंब थेंब वाढावा तसं एक बोंड उभं राहतं. त्याच रीतीने पुढे स्पिनेलही निघायला लागला आणि १९२०-३० च्या दशकांत निळ्या-आकाशी खड्यांचा बाजार त्याने भरून गेला. अ‍ॅक्वामरीन म्हणून लोकांनी विकत घेतलेले किती तरी खडे हेच.

यात एक मेख आहे. नैसर्गिक स्पिनेलमध्ये मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचा ऑक्साइड) आणि अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड) एकास एक असतात. त्या प्रमाणात बोंड नीट धरत नाही, म्हणून अ‍ॅल्युमिना कितीतरी जास्त घालतात, एकास अडीच किंवा त्याहूनही जास्त. हा जादा माल अणूंच्या जाळीत कोंबून बसवलेला. त्यामुळे आत ताण राहतो. त्या ताणामुळे पोलरॉइडच्या मध्ये हा खडा उजेड सोडतो. खरं दुहेरी अपवर्तन नसताना त्याचं सोंग.

दोघांत फरक कसा करायचा? टाफाइट फिरवलात तर तो अख्खाच्या अख्खा उजळतो आणि अख्खा काळा पडतो. पूर्ण फेरीत चार वेळा काळोख, दर ९० अंशांवर, घड्याळासारखा नेमका. फक्त एका खास दिशेतून पाहिलं तर काही होत नाही, म्हणून खडा दोन-तीन बाजूंनी पाहायचा. भट्टीतल्या स्पिनेलमध्ये काळ्या-उजळ पट्ट्या असतात आणि फिरवलं की त्या सापासारख्या सरपटतात. एक कोपरा काळा, तोवर दुसरा उजळ.

आणि वजन पाच वेळा करा. जादा अ‍ॅल्युमिनामुळे कृत्रिमाची घनता ३.६४ पडते.

गुजरीचा_नातू · सोमवार, रात्री १०.३०

आजचा निकाल. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला, कारण काल बहुतेक केसाला बुडबुडा चिकटला होता. पाच वेळा मोजलं. १.५०, १.५०, १.४९, १.५१, १.५०.

म्हणजे ३.६४, ३.६४, ३.६६, ३.६२, ३.६४.

काट्याचा शेवटचा आकडा एकाने हलला की टाफाइटचा कृत्रिम होतो आणि कृत्रिमाचा टाफाइट. काल मला १.५१ दिसलं आणि मी तिथेच थांबलो, कारण तेच हवं होतं. बायको म्हणाली, “केस माझा, पाणी माझं, आणि खोट तेवढी काट्याची.”

पोलरॉइडचा व्हिडिओ जोडलाय. पट्ट्या आहेत. सरपटतात. पेरिडॉट मिळाला नाही, पण आता पाहिल्यावर कडा दुहेरी आहेत असं छातीठोक सांगू शकत नाही.

तरी मन मानत नाहीये. टाफलाही सगळे स्पिनेलच म्हणाले असते.

अर्धा_रत्ती · रात्री १०.५०

नोटा तपासायचा जांभळा दिवा कुठल्याही किराणा दुकानात असतो. अंधारात त्याखाली धरा. लाल दिसला की सांगा.

शाहुपुरी_फास्ट · रात्री ११.०५

एक शंका. हा दगड आपल्याकडे, म्हणजे कोल्हापूर-पन्हाळ्याच्या बाजूला कुठं मिळण्याची शक्यता आहे का? आमच्या शेताजवळच्या खाणीत चकाकणारे दगड निघतात, पोरं गोळा करतात.

दगडफोड्या · मंगळवार, सकाळी ८.४०

टाफाइट नाही मिळणार. आपण राहतो ते लाव्हाच्या थरांवर. पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा, खाली सगळा काळा बेसाल्ट. टाफाइटला लागतं बेरिलियम, आणि जमिनीखाली खोल, भयंकर उष्णतेत भाजून निघालेले चुनखडीचे नाही तर जुने रूपांतरित खडक. त्या खडकांची झीज होऊन नदीच्या गाळात जे साठतं त्यातून श्रीलंकेतले लोक हा चाळून काढतात. ते गाळाला ‘इल्लम’ म्हणतात.

पण तुमच्या खाणीला नाक मुरडू नका. बेसाल्टमधल्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजं आणि त्यांचे सोबती असतात. पंख्यासारखा पसरलेला पीच रंगाचा स्टिल्बाइट, काचेच्या मनोऱ्यासारखा अपोफिलाइट. आणि पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतला कॅव्हनसाइट हा तर जगभरच्या संग्राहकांचा जीव की प्राण. मोरपिशी निळ्या सुयांचे गोळे, पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट यांची आद्याक्षरं जोडून नाव पडलं. तो पहिल्यांदा सापडला १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, पण सुंदर नमुने पाहायचे तर वाघोलीचेच. कठीणपणा मात्र ३-४, पैलू पाडायला गेलात तर हातात भुगा. कपाटात ठेवून पाहायची चीज. माझ्याकडे एक आहे, शाळेतून निवृत्त झालो तेव्हा विद्यार्थ्यांनी दिलेला.

पोरांना हातोडी जपून वापरायला सांगा आणि डोळ्यांना चष्मा.

जुनी_पोत · सकाळी ११.१५

आणखी एक भर. श्रीलंकेच्या खड्यांत अशी अदलाबदल फार झालीय. तपकिरी पेरिडॉट म्हणून विकला जाणारा एक खडा १९५२ मध्ये वेगळंच खनिज निघाला. त्याचं नाव सिन्हलाइट, म्हणजे आपल्या ‘सिंहल’वरून. आणि इंग्रजांच्या राजमुकुटातला तो प्रसिद्ध ‘ब्लॅक प्रिन्स’चा लाल माणूक? तो माणिक नाहीच, स्पिनेल आहे. जुने जव्हेरी त्याला लालडी म्हणत. स्पिनेलच्या नशिबी दुसऱ्याच्या नावाने मिरवणं आणि टाफाइटच्या नशिबी स्पिनेलच्या नावाने.

टाफाइटचाही एक जुळा आहे, मस्ग्रेव्हाइट. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मस्ग्रेव्ह पर्वतरांगेत १९६७ मध्ये सापडला. घटक तेच, अणूंची थप्पी वेगळी. हे दोन वेगळे करायचे तर भिंग, काटा, अपवर्तनांक मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर सगळे हात टेकतात, लेसरची रामन तपासणीच लागते.

(‘माणूक’ नाही, ‘माणिक’. मोबाइलचा दोष.)

मंगळवारपेठी · सकाळी ११.२०

लाल माणूक, वा. आमच्या तालमीत आहेत दोन-चार.

गुजरीचा_नातू · मंगळवार, रात्री ९.१०

कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दिवा मागितला तर म्हणाला नोट दाखव. खडा दाखवला. बिचाऱ्याने दुकानातले दिवे घालवले.

लाल. विझत आलेल्या निखाऱ्यासारखा मंद, पण लाल. आकाशी खड्यातून लाल उजेड येताना पाहून दुकानदार घाबरला, मला म्हणाला, “ह्यात काय भरलंय वो?”

अर्धा_रत्ती · रात्री ९.१८

कोबाल्ट भरलंय. भट्टीतल्या निळ्या स्पिनेलला रंग कोबाल्टचा देतात. पिवळ्या बल्बखाली जांभळट होतो तोही त्यामुळेच, कोबाल्ट निळ्याबरोबर थोडा लालही सोडतो.

दगडफोड्या · रात्री ९.४०

न्याय म्हणून सांगतो, कोबाल्टचा निळा नैसर्गिक स्पिनेलही असतो, व्हिएतनामचा नावाजलेला आहे. पण तो पोलरॉइडच्या मध्ये असे साप सोडत नाही. पट्ट्या, ३.६४, लाल उजेड, नितळपणा, चौघं एकाच घराकडे बोट दाखवतायत.

शेवटचा घाव रिफ्रॅक्टोमीटरचा. माझ्याकडे जुना आहे. रविवारी सकाळी राजारामपुरीत या, चहा माझा. रत्ती भाऊ, तुम्हीही या.

गुजरीचा_नातू · रविवार, दुपारी ३.०५

जाऊन आलो. नीट लिहितो, कारण इथे अनेकांनी हे यंत्र पाहिलेलं नसेल. मीही नव्हतं.

यंत्र टिफिनच्या डब्याएवढं. वर जाड काचेची एक पट्टी. सरांनी तिच्यावर काडीने एका द्रवाचा थेंब ठेवला. त्याचा वास म्हणजे सडक्या अंड्याचा थोरला भाऊ. त्यावर खडा पालथा, सपाट पैलू खाली. मागून पिवळा दिवा. डोळा लावला की आत मोजपट्टी दिसते, वरचा भाग काळा, खालचा उजळ, आणि मधे कडा. ती कडा जिथे तो आकडा.

सर म्हणाले, “आता वाचू नका, आधी फिरवा.” खडा बोटाने हळूहळू फिरवायचा. टाफाइट असता तर कडा दोन झाल्या असत्या, एक जागेवर आणि दुसरी सरकणारी. मी पूर्ण फेरी फिरवली. मग पोलरॉइडची टोपी लावून पुन्हा. कडा एकच. जागची हलली नाही. रत्ती भाऊंनी पाहिलं, पुन्हा मी पाहिलं. मला खरं सांगायचं तर ती हलावी असं वाटत होतं, आणि एकदा हलल्यासारखी वाटलीही, पण तेव्हा माझं डोकंच हललं होतं.

आकडा १.७२८. नैसर्गिक स्पिनेल १.७१८ ला थांबतो. वरचे दहा त्या जादा अ‍ॅल्युमिनाचे.

म्हणजे भट्टीतला. विषय संपला.

नंतर सरांनी कॅव्हनसाइट दाखवला. त्यानंतर तासभर माझ्या खड्याकडे कुणी पाहिलं नाही, मीसुद्धा.

मंगळवारपेठी · दुपारी ३.१०

तांबडा-पांढरा मी देतो भावा. लई वाईट वाटलं.

शाहुपुरी_फास्ट · दुपारी ३.३०

वाईट काय त्यात, खडा देखणा आहेच की. पण आजोबांची कुणी फसवणूक केली असेल का? कुणीतरी अ‍ॅक्वामरीन म्हणून गळ्यात मारला असेल.

गुजरीचा_नातू · दुपारी ३.५५

तेच डोक्यात घोळतंय. खडा खोटा निघाल्याचं फार नाही. सगळी गुजरी ज्यांच्याकडे खडा बघून घ्यायला यायची असं घरात ऐकत आलो, त्यांना हे कळलं नाही? की कळूनही खरा म्हणून कुणाला द्यायला ठेवला होता? दोन्ही विचार नको वाटतात. वडिलांना विचारलं, ते म्हणाले “मला त्यातलं काही सांगितलं नाही कधी.”

जुनी_पोत · सायंकाळी ६.२०

नातू, तुमचा तिसरा फोटो आत्ता मोठा करून पाहिला. खड्याखाली पुडीवर शाईने काहीतरी लिहिलंय. अर्धं खड्याने झाकलंय. ती नुसती रेघोटी नाही, मोडी आहे. खडा बाजूला करून कागद सपाट करा आणि पुन्हा फोटो टाका. उजेड तिरका ठेवा, शाई उडालीय.

गुजरीचा_नातू · सायंकाळी ६.४५

टाकलाय. मला वाटलं होतं ते शाई झटकल्याचे फराटे आहेत. घरात मोडी कुणालाच येत नाही, वडिलांनाही.

जुनी_पोत · सायंकाळी ७.३०

वाचलं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाची काटेकोर पद्धत नाही, त्यामुळे जसं आहे तसं देते.

पहिली ओळ: “वीलायती खडा नीळा नग १”

दुसरी: “रती ६”

त्याखाली १॥, म्हणजे दीड. रुपयेच असावेत.

विलायती म्हणजे परदेशातून आलेला भट्टीचा माल, आमच्या माहेरी खऱ्या माणकाच्या आणि ‘विलायती’च्या पुड्या वेगळ्या डब्यांत असायच्या. आणि रत्ती बघा. आजची ०.९१ कॅरटची रत्ती धरली तर सहा रत्ती म्हणजे ५.४६.

अर्धा_रत्ती · सायंकाळी ७.३८

कॅरटच्या शंभराव्या हिश्शाचाही फरक नाही. गुंजेच्या काट्यावर! हात जोडले.

दगडफोड्या · सायंकाळी ७.५०

आठ दिवस आपण अपवर्तनांक काढत बसलो आणि उत्तर फोटोतच होतं. मी चार वेळा पाहिला तो फोटो. खडाच पाहत होतो.

मंगळवारपेठी · रात्री ८.०२

दीड रुपयाचा खडा, तीनशेचं पेट्रोल, आणि माझा तांबडा-पांढरा वेगळाच.

गुजरीचा_नातू · रात्री ९.१५

वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाले, “ते सातच्या आकड्यात असंच पोट काढायचे,” आणि त्या ६ वरून बोट फिरवत बसले. मी म्हटलं बाबा, तो सहा आहे. “असेल,” म्हणाले, आणि तसंच फिरवत राहिले.

खडा पुन्हा त्याच पुडीत गेलाय. आई म्हणते अंगठी कर, चांदीत. रत्ती भाऊ, तुमच्याकडेच आणतो.

जुनी_पोत ताई, अजून अकरा पुड्या आहेत. चार पुड्यांवर असेच फराटे दिसतायत, एकीवर तर तीन ओळी. उद्या सगळ्यांचे फोटो टाकतो. या वेळी खडे बाजूला काढून.